कोंबडी कापण्याआधीचे बारा तास

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदवला गेला. त्या दिवसांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हे नाव मराठी वर्तमानपत्रांत पहिल्यांदाच ठळकपणे छापून आले, कारण काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जिवाणू सापडला होता. साथीचा मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. मात्र हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात राहतो हे वाचल्यावर चिकन खावे की नाही, हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. पुढे साथ ओसरली, प्रश्नही मागे पडला, आणि त्याचे नीट उत्तर बहुतेकांपर्यंत पोहोचलेच नाही.

त्या उत्तराचा बराचसा भाग स्वयंपाकघराबाहेर आहे. कोंबडी शेडमधून निघते तेव्हापासून सुरीखाली येईपर्यंतचे दहा-बारा तास तिच्या पोटात आणि अंगावर काय घडते, यावर आपल्या पातेल्यात किती जिवाणू येणार हे बऱ्याच अंशी ठरते. रविवारी सकाळी चिकन सेंटरसमोर उभे राहून “आमच्यासमोर कापा” असे सांगणारा ग्राहक ताजेपणाची खात्री करून घेत असतो आणि ती त्याला मिळतेही. जिवाणूंची खात्री मात्र तेवढ्याने होत नाही. ताजे मांस आणि कमी जिवाणू असलेले मांस या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कोंबडी ठणठणीत, मग माणूस आजारी कसा?

चिकनच्या संदर्भात दोन जिवाणूंची नावे लक्षात ठेवली तरी पुरे. पहिला साल्मोनेला. याच्या काही जातींमुळे टायफॉइड होतो, पण कोंबडीतून येणाऱ्या जाती वेगळ्या असून त्यांच्यामुळे जुलाब, उलट्या आणि ताप येतो. दुसरा कॅम्पिलोबॅक्टर. त्याच्यामुळे पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, आणि साधारण हजारातल्या एखाद्या रुग्णाला पुढे जीबीएस होऊ शकतो. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, या जिवाणूंनी भरलेली ब्रॉयलर कोंबडी बहुधा आजारी दिसत नाही. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि कॅम्पिलोबॅक्टरला वाढण्यासाठी नेमके तेवढेच तापमान मानवते. त्यामुळे तो तिच्या आतड्यात, विशेषतः आतड्याच्या शेवटाजवळ असलेल्या दोन बंद नळ्यांमध्ये, भाडेकरूसारखा निवांत राहतो. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे होईपर्यंत तो सहसा सापडत नाही, पण एकदा शेडमध्ये शिरला की काही दिवसांतच जवळजवळ सगळ्या बॅचमध्ये पसरतो. साल्मोनेला याहून आधी येऊ शकतो, कारण तो प्रजनन करणाऱ्या कोंबडीकडून अंड्यात, अंडी उबवणाऱ्या हॅचरीतून पिल्लात किंवा खाद्यातून पोटात असा कोणत्याही वाटेने येतो. ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत विक्रीला निघतो, म्हणजे जिवाणूंचा जोर ऐन भरात असतानाच त्याचा शेवटचा प्रवास सुरू होतो.

आकड्यांचा थोडा हिशेब केला की यातले गांभीर्य कळते. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या कोंबडीच्या त्या बंद नळ्यांमधल्या एका ग्रॅम मळात एक कोटी जिवाणू असणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि माणूस आजारी पडायला सुमारे ५०० जिवाणूही पुरू शकतात. एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, पण तेवढ्यात ५०० जिवाणू मावतात.

पोटातले जिवाणू मांसावर कसे येतात?

निरोगी कोंबडीचे मांस आतून जवळपास निर्जंतुक असते आणि जिवाणू त्यावर बाहेरून लागतात. पिसांना, पायांना व कातडीला चिकटलेली विष्ठा हा त्यांचा एक मार्ग. पोट साफ करताना फाटलेले आतडे हा दुसरा. तिसरा मार्ग फारसा कोणाला माहीत नसतो, तो म्हणजे गळ्याच्या तळाशी असलेली अन्नपिशवी. कोंबडी टिपलेले दाणे आधी या पिशवीत साठवते आणि मग सावकाश पुढे ढकलते. मान व आतडी ओढून काढताना ही पिशवी आतड्याच्या शेवटच्या भागापेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटते, असे अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतल्या अभ्यासात दिसून आले आहे.

सोलापुरात कापडाचे उदाहरण सगळ्यांना कळते. कच्च्या रंगाची चादर पांढऱ्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवली, तर नंतर कितीही धुतले तरी पांढऱ्यावरची गुलाबी झाक पुरती जात नाही, आणि शहाणा माणूस ती चादर आधीच बाजूला काढतो. कोंबडीचेही असेच आहे. मांसाला लागलेले जिवाणू कातडीच्या रंध्रांत आणि मांसाच्या सुरकुत्यांत बसतात, तिथून ते पाण्याने पुरते निघत नाहीत. कापण्याआधीच जिवाणू कमी करण्यावर जगभर जो भर दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

उपाशीपोटी या

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री डॉक्टर “सकाळी उपाशीपोटी या” असे सांगतात. कोंबडीच्या बाबतीतला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. कापण्याआधी ८ ते १२ तास खाद्य बंद करायचे आणि पाणी मात्र लिफ्टिंगच्या वेळेपर्यंत, म्हणजे पक्षी पकडून गाडीत भरेपर्यंत, चालू ठेवायचे. त्यामुळे अन्नपिशवी आणि आतडी बऱ्यापैकी रिकामी होतात, गाडीत विष्ठा कमी पडते आणि कापताना काही फाटलेच तरी बाहेर सांडायला फारसे काही उरत नाही.

आठ तासांनी फायदा होत असेल तर वीस तासांनी दुप्पट होईल, असा तर्क कोणीही करील, आणि तिथेच तो फसेल. अन्नपिशवीत लॅक्टोबॅसिलस नावाचे, दह्यातल्या जिवाणूंच्या भावकीतले जिवाणू राहतात. अन्न मिळत असते तोवर ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात साल्मोनेलाला वाढणे अवघड जाते. उपवास लांबला की हे आम्ल घटते. त्यातच भुकेली कोंबडी खालच्या गादीवर, म्हणजे तूस किंवा शेंगांच्या टरफलांच्या थरावर, चोच मारू लागते. त्या गादीत सगळ्या शेडची विष्ठा मिसळलेली असल्याने रिकाम्या पिशवीत दाण्यांऐवजी साल्मोनेला भरला जातो. शिवाय फार वेळ उपाशी राहिलेल्या कोंबडीच्या आतड्याचे अस्तर कमकुवत होऊन ते लवकर फाटते. म्हणून या उपायात घड्याळ नीट पाळणे हीच खरी मेख आहे.

सोलापूरसारख्या ठिकाणी हे घड्याळ पाळणे अवघड का जाते, तेही समजून घेतले पाहिजे. ज्या देशांत ८ ते १२ तासांचा नियम तयार झाला, तिथे कोंबडी शेडमधून थेट कत्तलखान्यात जाते आणि तिची वेळ आधीच ठरलेली असते. आपल्याकडे मोहोळ, बार्शी किंवा मंगळवेढ्याकडच्या शेडमधून रात्री उचललेला पक्षी पहाटे दुकानाच्या पिंजऱ्यात येतो आणि त्याची पाळी गिऱ्हाईक येईल तेव्हा लागते. सकाळी सातला कापलेल्या कोंबडीचा उपवास योग्य झालेला असतो, पण त्याच गाडीतली कोंबडी दुसऱ्या दिवशी दुपारी कापली गेली, तर मधल्या वेळेत तिला काय खायला मिळाले, ते कधी मिळाले आणि पाणी मिळाले की नाही, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. माझ्या मते आपल्याकडच्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

वजनाचा मुद्दाही आडवा येतो. सगळा व्यवहार जिवंत वजनावर चालतो आणि खाद्य बंद केलेली कोंबडी तासाला साधारण ०.२ ते ०.४ टक्के वजन गमावते. दोन किलोच्या पक्ष्यामागे दहा तासांत ४० ते ८० ग्रॅम घट म्हणजे हजार पक्ष्यांमागे ४० ते ८० किलो. शेतकऱ्याच्या किंवा कंपनीच्या डोळ्यांपुढे हा आकडा असतो. मात्र पहिल्या पाच-सहा तासांत जे घटते ते प्रामुख्याने पोटातले खाद्य आणि मळ असते. म्हणजे ही घट टाळली, तर गिऱ्हाईक चिकनच्या भावाने अर्धवट पचलेला मका विकत घेते आणि त्याबरोबर जिवाणूही घरी नेते. खाद्य बंद केल्याची वेळ पावतीवर लिहायची आणि भाव ठरवताना ती घट धरायची एवढा साधा करार झाला, तरी कोणाला मुद्दाम पोट भरून पक्षी पाठवण्याची गरज उरणार नाही.

पिण्याच्या पाण्यातले लिंबू

उपवासाच्या काळात अन्नपिशवीतले आम्ल घटत असेल तर ते बाहेरून का देऊ नये, असा विचार संशोधकांनी केला. शेवटच्या काही तासांत पिण्याच्या पाण्यात लॅक्टिक आम्लासारखे सेंद्रिय आम्ल ठरावीक प्रमाणात मिसळले, तर अन्नपिशवीतले साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कमी होतात, हे प्रयोगांत दिसले आहे. लोणच्यात लिंबाचा रस जे काम करतो तेच हे काम आहे.

आपल्या भागात यात एक अडचण येते, ती बोअरच्या पाण्याची. जिल्ह्यात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असते, आणि असे पाणी त्यात टाकलेले बरेचसे आम्ल स्वतःच गिळून टाकते. बाटलीवर लिहिलेल्या मापाने आम्ल टाकून काम झाले असे समजू नये. कागदी पट्टीने किंवा मीटरने पाण्याचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, तपासून मगच प्रमाण ठरवावे. क्लोरीनचेही तसेच आहे. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असताना ते जोमाने काम करते, आणि सामू ८ च्या वर गेला की त्याचा बराचसा जोर जातो. आणखी एक इशारा इथेच दिला पाहिजे: तीव्र आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. पाणी फार आंबट केले तर पक्षी ते पिणेच बंद करतात आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी न पिणारा पक्षी किती तास टिकेल हे पोल्ट्रीवाल्याला सांगायची गरज नाही. म्हणून आम्लाची चव एक-दोन दिवस आधीपासून थोडी थोडी लावलेली बरी.

जिवाणूंशी जिवाणूंनीच लढायचे

फिनलंडमध्ये १९७० च्या सुमारास ब्रॉयलरमधून साल्मोनेलाचा मोठा उपद्रव झाला, तेव्हा एस्को नुर्मी या संशोधकाने एक विचित्र वाटणारा प्रयोग केला. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले द्रव्य त्याने नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजले. ज्यांना ते मिळाले त्या पिल्लांमध्ये साल्मोनेला सहजासहजी रुजला नाही. १९७३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

याचे कारण एसटीच्या स्टँडवर ज्याने गर्दी पाहिली आहे त्याला लगेच समजेल. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते आणि नंतर चढणाऱ्याला उभे राहावे लागते किंवा खाली उतरावे लागते. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्यामुळे त्याचे आतडे डेपोतून निघालेल्या रिकाम्या गाडीसारखे असते आणि जो पहिला चढेल त्याला हवी ती जागा मिळते. चांगल्या जिवाणूंना आधी बसवले की साल्मोनेलाला जागा राहत नाही. आज प्रोबायोटिक या नावाने जे विकले जाते त्यामागचे तत्त्व हेच आहे. मात्र ते पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. गाडी भरल्यावर रुमाल टाकून काही उपयोग नाही.

दुसरा उपाय जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फाजचा. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे असे निरीक्षण अर्नेस्ट हँकिन याने १८९६ मध्ये भारतातच नोंदवले होते. पुढे फेलिक्स द’हेरेल याने १९१७ मध्ये या विषाणूंना नाव दिले आणि लवकरच त्यांचा वापर कोंबड्यांमधल्या टायफॉइडसारख्या रोगावर करून पाहिला. फाज ठरावीक जिवाणूलाच मारतात, चांगल्यांना धक्का लावत नाहीत. पण जिवाणू काही दिवसांत त्यांना दाद देईनासे होतात, म्हणून कापण्याच्या अगदी आधी, शेवटच्या एक-दोन दिवसांत ते देणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा उपाय अजून प्रयोगांच्या पातळीवरचा आहे, पण त्यातली युक्ती मला फार आवडते. साल्मोनेला हवेशिवायही जगू शकतो, कारण तो नायट्रेट नावाच्या क्षारावर ‘श्वास’ घेतो. अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी त्याला नायट्रेटसारखेच दिसणारे क्लोरेट दिले. साल्मोनेलाला फरक कळत नाही, तो त्याचे क्लोराइट बनवतो आणि ते क्लोराइट त्यालाच मारते. उंदरासाठी पिठाच्या गोळीत विष घालावे आणि घरातल्या बाकी कोणी तिकडे फिरकूही नये, तसा हा प्रकार आहे, कारण आतड्यातल्या बहुतेक चांगल्या जिवाणूंकडे ती गोळी खाण्याचे साधनच नसते.

सरळ अँटिबायोटिक का देऊ नये?

हा प्रश्न शेडवर हमखास विचारला जातो. निरोगी बॅचला केवळ जिवाणू कमी करण्यासाठी अँटिबायोटिक दिले, तर मेलेल्या जिवाणूंच्या जागी औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात. तेच मांसावरून माणसात येतात आणि मग दवाखान्यात तेच औषध काम करीत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकवर २००६ पासून बंदी घातली, आणि भारत सरकारने माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठीच्या जनावरांना व कोंबड्यांना देण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी आणली. शिवाय औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस थांबल्याशिवाय पक्षी विकता येत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवसासाठी हा मार्ग तसाही बंदच आहे.

शिजवल्यावर सगळे मरतातच ना?

मरतात. मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही संपतात, आणि आपला उकळता रस्सा या बाबतीत निर्धोक आहे. घोळ होतो तो शिजण्याआधी. ज्या विळीवर चिकनचे तुकडे केले तिच्यावरच कांदा आणि लिंबू चिरले, ज्या हाताने हळद-मीठ चोळले त्याच हाताने भाकरीचे टोपले उघडले, तर जिवाणू न शिजणाऱ्या पदार्थात जातात. नळाखाली चिकन धुताना उडणारे तुषारही हेच करतात. तज्ज्ञ चिकन धुऊच नका म्हणतात, पण दुकानातून रक्त आणि पिसे लागलेले चिकन आणणाऱ्या घराला हे पटणार नाही. मग निदान नळाच्या धारेखाली न धरता पातेल्यातल्या पाण्यात सावकाश धुवावे आणि नंतर मोरी, विळी व हात साबणाने स्वच्छ करावेत.

पॅकबंद चिकन घेतले की सुटलो, असेही नाही. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४-१५ मध्ये दुकानांतल्या ताज्या कोंबड्या तपासल्या, तेव्हा ७३ टक्क्यांवर कॅम्पिलोबॅक्टर सापडला. गावरान कोंबडीबद्दलचा विश्वासही इथे कामाचा नाही, कारण उकिरड्यावर आणि गोठ्यात चरणाऱ्या पक्ष्याला हा जिवाणू गाठायला उलट जास्त संधी मिळते. तिची चव वेगळी, हे मात्र मान्य.

गाडी, क्रेट आणि ऊन

पकडणे, उलटे धरणे, कोंबणे, प्रवास आणि उष्णता यांचा ताण आला की पक्ष्याच्या आतड्यातून जिवाणू बाहेर पडण्याचे प्रमाण वाढते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, म्हणजे बाहेरची हवा कोंबडीच्या अंगाइतकीच तापलेली असते. रात्री उचलणे, क्रेटमध्ये पक्षी कमी भरणे आणि गाडी वाटेत उभी न ठेवणे हे मरतूक टाळण्यासाठी सगळे करतातच. त्याच गोष्टींनी जिवाणूही कमी पसरतात.

मागणीनुसार शेडमधून थोडे थोडे पक्षी उचलण्याची पद्धत मात्र त्रासाची आहे. पकडणाऱ्यांचे बूट आणि दुसऱ्या शेडमधून आलेले क्रेट यांच्याबरोबर कॅम्पिलोबॅक्टर आत येतो आणि मागे राहिलेल्या पक्ष्यांत आठवडाभरात पसरतो. शिवाय प्रत्येक वेळी सगळ्या शेडचे खाद्य बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. जे पक्षी जाणार आहेत तेवढा भाग आदल्या दिवशी जाळीने वेगळा केला तर निम्मा त्रास वाचतो.

या सगळ्याचा माणसाच्या आजारावर नेमका किती परिणाम होतो, याचा अंदाज युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दोनदा मांडला. आतड्यातले कॅम्पिलोबॅक्टर हजार पटीने कमी केले, तर चिकनमुळे होणाऱ्या आजाराचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटेल, असे २०११ मध्ये म्हटले होते. २०२० मध्ये नव्या माहितीच्या आधारे तो आकडा ५८ टक्क्यांवर आणला गेला. उपाय खरा असला तरी तो सर्व काही करीत नाही, एवढा अर्थ त्यातून घ्यावा.

दुकानापुरते बोलायचे, तर दोन-तीन गोष्टी आजही होण्यासारख्या आहेत. एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांच्या मध्ये पत्र्याचा ट्रे ठेवला, तर वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या पिसांवर पडत नाही. कालचे उरलेले पक्षी आजच्या गाडीतल्या पक्ष्यांत मिसळू नयेत. आणि क्रेट साबणाने घासून, जंतुनाशकात बुडवून, पूर्ण वाळवल्याशिवाय परत शेडवर जाऊ नयेत. कॅम्पिलोबॅक्टरला कोरडेपणा अजिबात सोसत नाही. साल्मोनेला मात्र चिवट असल्याने त्याच्यासाठी जंतुनाशक लागतेच. क्रेटचे दोन संच ठेवले, तर एक गाडीवर असताना दुसरा दिवसभर उन्हात वाळू शकतो, आणि सोलापुरात उन्हाला तोटा नाही.